सहापैकी तीन डिस्क एकदम गायब, पूल उघडत नाही. पुढे काय करू?

फ्लॅशबल्ब

मंडळी, घाईत आहे म्हणून थेट विषयावर येतो.

जुळे सोलापुरात माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. सगळं शूटिंग घरी जोडलेल्या एका डब्यात साठवलेलं आहे. सहा डिस्क, प्रत्येकी ८ टीबी, उबुंटू, त्यावर झेडएफएसचा पूल (सगळ्या डिस्क मिळून एकच मोठी साठवण), रेडझेड-२ पद्धतीचा. म्हणजे सहातल्या कुठल्याही दोन गेल्या तरी माल शाबूत राहतो. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत व्होल्टेज वरखाली झालं, एसएमपीएसमधून (डब्याला वीज पुरवणारा भाग) जळका वास आला आणि डबा बंद पडला. दुकानात नेऊन नवा एसएमपीएस बसवून आणला. आता मशीन चालू होतं, उबुंटू येतं, पण डिस्क तीनच दिसतात. बायोसमध्येही तीनच. पूलची स्थिती 'अनअवेल', कारण 'इनसफिशियंट रेप्लिकाज', म्हणजे उघडायला पुरेशा डिस्क नाहीत.

दुकानदाराने न दिसणाऱ्या तिघींपैकी एक डिस्क काढून स्वतःच्या विंडोज मशीनला यूएसबी डॉकमधून लावली. तिथे ती दिसली, पण विंडोजने काहीतरी विचारलं, त्याने ओके केलं, आणि मला म्हणाला, "रिकामी आहे ओ." आता म्हणतोय तिन्ही फॉरमॅट करून देतो, नव्यासारख्या चालतील. मी डबा उचलून घरी घेऊन आलो.

बॅकअप आहे, पण दिवाळीपर्यंतचा. तुळशीचं लग्न लागल्यापासूनची सगळी लग्नं याच डब्यात आहेत. पुण्यातल्या रिकव्हरीवाल्यांना फोन केला होता. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून कॅमेरा विकायला काढावा असं वाटलं.

तीन डिस्क अशा एकदम मरतात का? आणि घरी काही करण्यासारखं आहे, की उद्या पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडू?

बे_एके_बे

डोकं दुखतंय म्हटल्यावर डोकंच काढून देतो म्हणणारा दुकानदार. लै सेवाभावी माणूस हाय बे.

मृद्गंध

फ्लॅशबल्ब, आधी डबा बंद करा. पूर्ण बंद, भिंतीवरचं बटणसुद्धा.

कॉलेजात मी हे सर्व्हर सांभाळते म्हणून अनुभवाने सांगते. अशा वेळी माल डिस्क बिघडल्याने जात नाही, डिस्क दिसेना म्हणून माणूस जे काही करतो त्याने जातो. नेटवर शोधाल तर कुणी 'झेडपूल क्रिएट -एफ' सांगेल, कुणी इम्पोर्टला (पूल उघडायच्या आज्ञेला) मोठा '-एफ' लावायला सांगेल. पहिल्याने नवा पूल तयार होतो आणि जुन्यावर लिहिलं जातं. दुसऱ्याने पूल काही व्यवहार मागे नेला जातो, शेवटचे बदल टाकून दिले जातात. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. तुमच्याकडे तर अजून रोगच कळलेला नाही.

दिलासा देणारी एक गोष्ट. झेडएफएस प्रत्येक डिस्कवर स्वतःच्या ओळखीची चार लेबलं ठेवतं, प्रत्येक २५६ केबीचं, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटाला. पूलमध्ये कोण कोण आहे, कोणत्या जागी आहे, सगळं त्यात असतं. त्यामुळे डिस्क कोणत्या पोर्टला लावली याने काही फरक पडत नाही. तीनपैकी एक जरी परत आली तरी चार होतात आणि रेडझेड-२ ला सहात चार पुरतात. म्हणजे तुम्हाला तीन नकोयत, एकच हवी आहे.

निवांत_नाना

आमच्या वेळी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचो. सकाळी चालायची.

मृद्गंध

नाना, प्लीज! वीस वर्षांपूर्वी कुणाची तरी चालली असेल. बाहेर काढली की आत दव धरतं आणि हेडखाली पाण्याचा थेंब आला की संपलं. त्यात सोलापूरचा मे महिना. फ्रीजरमधून काढलेली वस्तू ४३ अंशांत ठेवायची म्हणजे घामच घाम.

निवांत_नाना

बरं बाई. डिस्क तशीही कडक भाकरीसारखीच असते, ओली झाली की कामातून गेली. मागे घेतो.

शून्य_बाइट

मी विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसवर (तिथली अशीच पूलची सोय) आहे, माझ्याकडे असंच झालं होतं. दोन डिस्कवर 'लॉस्ट कम्युनिकेशन' यायचं. त्यांची पूलमधली माहितीही डिस्कवरच असते, म्हणून सगळ्या डिस्क उचलून भावाच्या पीसीला लावल्या. पूल दिसला. फक्त व्हर्च्युअल डिस्क 'डिटॅच्ड' होती आणि पूल वाचण्यापुरता उघडला होता. पॉवरशेलमधून तो हक्क बदलला, व्हर्च्युअल डिस्क जोडली आणि सगळं मिळालं. दोष माझ्या पीसीच्या साटा कार्डात (डिस्क जोडायच्या कार्डात) होता.

तेव्हा दुसऱ्या मशीनवर लावून बघा असं म्हणेन.

तळघर

शून्य_बाइट, पॅरिटीवाली स्पेस (गेलेल्या डिस्कचा माल बाकीच्यांवरून हिशोबाने काढणारी) असेल तर सांभाळून हो. २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटनंतर पॅरिटी स्पेसमधल्या फाइली खराब होत होत्या, मायक्रोसॉफ्टने स्वतः ते जाहीर मान्य केलं होतं. मिररवाल्यांना (सारख्या प्रती ठेवणाऱ्यांना) तो त्रास नव्हता.

आता मूळ प्रश्न. (मी मूळचा अशोक चौकातला, पोटासाठी पुण्यात. कुणी पुणेकर म्हणायचं नाही.)

तीन वेगवेगळ्या डिस्क एकाच क्षणी स्वतःहून मरत नाहीत. एकदम गेल्या म्हणजे तिघींत काहीतरी सामाईक आहे. वीज, केबल, कार्ड किंवा व्होल्टेजचा झटका, यांतलं एक. म्हणून या प्रश्नांची उत्तरं हवीत. सहाही डिस्क मदरबोर्डला आहेत की काही कार्डावर? गेलेल्या तीन कोणत्या पोर्टच्या? चालू केल्यावर हात ठेवला तर थरथर जाणवते का? एवढ्यासाठी डबा चालू केला तर चालेल, पूल फक्त उघडू नका.

बे_एके_बे

पुणेकर, दुपारी एक ते चार सर्व्हर बंद ठेवता की काय?

फ्लॅशबल्ब

उत्तरं देतो. चार डिस्क मदरबोर्डवर, दोन एका साध्या साटा कार्डावर. गेलेल्या तिघींपैकी दोन मदरबोर्डवरच्या, एक कार्डावरची. म्हणजे कार्ड एकटं दोषी नाही. डेटा केबल अदलाबदल करून बघितल्या. ज्या तीन दिसत होत्या त्याच दिसतात, दुसऱ्या केबलवर, दुसऱ्या पोर्टवरसुद्धा. ज्या गेल्या त्या गेल्याच.

हात ठेवून बघितला. चालू असलेल्या तिघी थरथरतात, आवाजही येतो. या तिघी गार पडल्यात. फिरतच नाहीत.

कंबरतलाव

फिरतच नाहीत म्हणजे बोर्ड जळले. व्होल्टेजने एसएमपीएस गेला, जाताना तीन डिस्कचे पीसीबी (सर्किट बोर्ड) घेऊन गेला. इथे धागा काढून वेळ घालवण्यापेक्षा सरळ पुण्याला जा. आणि ते ऑनलाइन मागवून पीसीबी बदलायच्या नादी लागू नका. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं बोर्डावरच्या एका छोट्या रॉममध्ये असतात. नुसता बोर्ड बदलून उपयोग होत नाही, ती चिप उपटून नव्या बोर्डावर डकवावी लागते.

वायरमन

थांबा थांबा. कंबरतलाव यांचं रॉमचं म्हणणं बरोबर आहे, पण बोर्ड जळले यावर माझा विश्वास नाही. डिस्कच्या बोर्डावर ५ आणि १२ व्होल्टच्या लायनींवर टीव्हीएस डायोड असतात. जादा व्होल्टेज आलं की ते शॉर्ट होऊन आपला जीव देतात आणि पुढचं वाचवतात. तसे शॉर्ट झालेले असते तर ती डिस्क लावल्यावर एसएमपीएसच चालू झाला नसता, पंखा एकदा फडफडून थांबला असता. यांचं मशीन तिन्ही डिस्क जोडलेल्या असताना आरामात चालू होतंय.

फ्लॅशबल्ब, दोन गोष्टी सांगा. एक, नवा एसएमपीएस मॉड्युलर आहे का, म्हणजे वायरी काढता-घालता येतात असा? आणि तसा असेल तर दुकानदाराने जुन्याच वायरी नव्या एसएमपीएसला लावल्या का? हे फार महत्त्वाचं आहे. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना कंपनीगणिक वेगळी. ५ च्या जागी १२ जातात आणि डिस्क खरंच जळतात. एका ओळखीच्याच्या चार डिस्क अशाच गेल्यात.

दुसरं, या तीन डिस्क कुठून घेतल्या होत्या? आणि दुकानात डॉकवर लावली तेव्हा ती फिरत होती का?

फ्लॅशबल्ब

मॉड्युलर नाही, वायरी त्याच्याच. हुश्श.

डिस्क: पहिल्या तीन दुकानातून घेतलेल्या साध्या. नंतरच्या तीन सेलमध्ये यूएसबीच्या एक्स्टर्नल म्हणून घेतल्या, कव्हर फोडून आतली डिस्क काढली. तशा स्वस्त पडतात. आणि हो, गेलेल्या तीन म्हणजे बरोबर याच!

डॉकवर फिरत होती. आवाज मीच ऐकला.

वायरमन

झालं. डिस्क ठणठणीत आहेत, उद्याचं तिकीट काढू नका.

आता नीट वाचा. साटाच्या पॉवर प्लगला १५ पिना असतात. पहिल्या तीन पिनांवर पूर्वीपासून ३.३ व्होल्ट यायचे, मोठ्या डिस्क ते वापरत नव्हत्या. २०१६ मध्ये साटाची ३.३ क्रमांकाची आवृत्ती आली, त्यात तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं. त्या पिनेवर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये एखादी डिस्क अडकली तर माणूस न पाठवता ती दुरून बंद-चालू करता यावी, एवढ्यासाठी. एक्स्टर्नल कव्हरात ज्या डिस्क घालतात त्यातल्या बऱ्याच या जातीच्या असतात. कव्हरातल्या छोट्या बोर्डावर आणि डॉकवर ३.३ व्होल्ट येतच नाहीत, म्हणून तिथे त्या फिरतात. साध्या एसएमपीएसच्या साटा प्लगला लावल्या की तिसऱ्या पिनेवर कायम ३.३ असतात, मग डिस्क बिचारी हुकूम पाळून गप्प बसते. फिरत नाही, बायोसला दिसत नाही, माणसाला वाटतं मेली.

तुमचा जुना एसएमपीएस कसा होता ते पैजेवर सांगतो. साटा प्लग कमी होते, म्हणून या तीन डिस्क मोठ्या चार पिनांच्या मोलेक्सवरून स्प्लिटर लावून जोडल्या होत्या. मोलेक्समध्ये ५ आणि १२ च असतात, ३.३ ची वायरच नसते. नव्याला साटा प्लग भरपूर, म्हणून दुकानदाराने स्प्लिटर काढून टाकला आणि सरळ जोडलं. त्याला वाटलं नीट काम केलं. एका अर्थी केलंही.

फ्लॅशबल्ब

स्प्लिटर जुन्या एसएमपीएसच्या खोक्यात सापडला. मोलेक्सचाच आहे. सावकाश श्वास घेतोय.

कंबरतलाव

पिनेवर टेप चिकटवून डिस्क चालू होते, असं व्हिडिओ बघितलेल्यांचं म्हणणं असतं. मला तरी पटत नाही. ३० टीबीच्या मालावर असले प्रयोग?

तळघर

कंबरतलाव, यात प्रयोग काहीच नाही. डिस्कवर एक अक्षर लिहिलं जात नाही, फक्त एक पिन झाकायची. खोटं निघालं तर टेप काढून टाका आणि मग पुणे आहेच. वायरमन यांचं निदान सगळ्या खुणांना लागू पडतं. बोर्ड जळले असते तर दुकानात डॉकवर डिस्क फिरली नसती.

कंबरतलाव

डॉकचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला. ठीक. पण तो जुना स्प्लिटर पुन्हा वापरू नका. प्लॅस्टिक ओतून बनवलेले असतील तर आतल्या तारा कालांतराने एकमेकींना टेकतात आणि प्लग पेट घेतो. मी एक वितळलेला जपून ठेवलाय.

वायरमन

हे शंभर टक्के. म्हणून टेपच बरी. ती पिवळसर, उष्णता सोसणारी कॅप्टन टेप घ्या, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतेच. वायरमनची काळी टेप नको, ती जाड असते आणि गरम झाली की गोंद सोडते. डिस्कच्या बाजूला, डेटाच्या सॉकेटला लागून असलेल्या टोकापासून मोजायचं. पहिल्या तिन्ही झाकल्या तरी चालतं. चौथीवर जाऊ देऊ नका.

बे_एके_बे

नवी पेठेत मोबाइलवाल्याला "टेप द्या, हार्डडिस्कला लावायचीय" म्हणून बघ बे. तो पण फॉरमॅट करून देतो म्हणंल.

चाटीगल्ली

थोडं अवांतर. आमचं चादरीचं काम आहे. जुनी डिझाइनं आधी जकार्डच्या पुठ्ठ्याच्या पंच कार्डांवर होती, गठ्ठेच्या गठ्ठे. आता सगळी स्कॅन करून फाइली केल्यात आणि अशाच एका डब्यात ठेवल्यात. तो डबा कारखान्यालगतच्या खोलीत आहे. मागच्या उन्हाळ्यात दुपार झाली की दोन-दोन डिस्क गायब व्हायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. उघडून बघितलं तर कंट्रोलर कार्डाच्या हीटसिंकवर सुताच्या तुसाचा नमद्यासारखा थर. ती कार्डं सर्व्हरसाठी बनवलेली, पुढून जोराचा वारा येणार हे गृहीत धरलेलं. घरच्या डब्यात वारा नाही, वर सोलापूर. तूस काढून त्यावर छोटा पंखा बसवला, त्रास संपला.

पुठ्ठ्याची कार्डं मात्र माळ्यावर अजून आहेत. त्यांना ना ड्रायव्हर लागतो ना अपडेट.

निवांत_नाना

पुठ्ठ्याला उंदीर लागतो.

चाटीगल्ली

लागतो की. दोन डिझाइनं खाल्ली. त्यातली एक मोराची होती, ती चालणारी होती.

फ्लॅशबल्ब

तिन्ही फिरल्या!!! बायोसमध्ये सहा. वायरमन, होम मैदानावर तुमचा पुतळा.

पण पूल अजून उघडला नाही, मृद्गंध ताईंचं ऐकून थांबलोय. नुसतं 'झेडपूल इम्पोर्ट' दिलं (नाव न देता, यादी बघायला), तर पाच 'ऑनलाइन', एक 'अनअवेल', आणि पूल 'डिग्रेडेड'. अनअवेल आहे ती दुकानात डॉकवर लावलेलीच डिस्क. 'एलएसबीएलके'त (डिस्कच्या यादीत) ती दिसते, पण तिच्यावर १६ एमबीचं एकच पार्टिशन दाखवतंय. बाकीच्या पाचांवर एक मोठं आणि एक ८ एमबीचं आहे.

आता पुढं?

मृद्गंध

छान. आता घाई अजिबात नको.

विंडोजने विचारलं होतं ते 'इनिशियलाइझ डिस्क'. ओके केल्यावर त्याने नवा जीपीटी तक्ता (पार्टिशनची यादी) लिहिला आणि त्यात स्वतःचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन नोंदवलं. फॉरमॅट केलेलं नाही. झेडएफएसचा भाग १ एमबीपासून पुढे सुरू होतो, तो बहुधा जसाच्या तसा आहे. अनुक्रमणिका फाटली, पुस्तक आहे.

पण ती डिस्क सध्या बाजूला राहू द्या. पाच पुरेत. पूल फक्त वाचण्यापुरता उघडा: 'झेडपूल इम्पोर्ट', पुढे '-ओ रीडओन्ली=ऑन', '-डी' ला 'डेव्ह-डिस्क-बाय-आयडी' चा पत्ता, मग पूलचं नाव. तुळशीच्या लग्नानंतरचं सगळं आधी वेगळ्या डिस्कांवर उतरवून घ्या. ते होईपर्यंत स्क्रब (सगळा माल वाचून तपासणं) नाही, रिप्लेस नाही, अपग्रेड नाही.

शून्य_बाइट

पाच चालतायत तर सहावी सरळ 'झेडपूल रिप्लेस' करून टाका की. एक दिवस रिसिल्व्हर (त्या डिस्कवर माल पुन्हा भरणं) चालेल, विषय संपला. तक्ते-बिक्ते दुरुस्त करत बसायचं कशाला?

तळघर

असहमत. रिप्लेस म्हणजे उरलेल्या पाच डिस्कवरचा सगळा माल वाचून काढायचा. त्या नुकत्याच व्होल्टेजच्या झटक्यातून गेल्यात, प्रकृती कळलेली नाही. त्या सहाव्या डिस्कवर सगळा माल जागेवर असताना तो स्वतःच्या हाताने पुसून पुन्हा लिहायचा, हे मला तरी जिवावर येतं. तक्ता परत बसला तर रिसिल्व्हर लागणारच नाही, कारण पूल वाचण्यापुरता उघडला तर त्यावर नवं काही लिहिलेलंच नसतं आणि सहाही डिस्क एकाच मुक्कामावर असतात.

तिन्ही एक्स्टर्नल डिस्क एकाच मॉडेलच्या असतील तर सोपं आहे. बहिणीचा तक्ता उचलून हिच्यावर ठेवायचा. 'एसजीडिस्क' ला '-आर' आहे त्यासाठी. पण त्यात एक खड्डा आहे, लोक हमखास पडतात. '-आर' ला चिकटून जे नाव येतं त्या डिस्कवर लिहिलं जातं, आणि शेवटी येतं त्या डिस्कवरून घेतलं जातं. आपण मराठी माणसं 'इथून तिथे' वाचतो, हे 'तिथे इथून' आहे. उलटं झालं तर चांगल्या डिस्कवर विंडोजचा तक्ता बसेल. एंटर मारण्याआधी सीरियल नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा. नंतर मोठा '-जी' देऊन नवे ओळख क्रमांक करून घ्या, नाहीतर दोन डिस्क एकाच नावाने हिंडतील.

मृद्गंध

तळघरशी सहमत, फक्त क्रम पक्का ठेवा: आधी माल बाहेर, मग हे. आणि तक्ता बदलण्याआधी त्या डिस्कच्या सुरुवातीचे आणि शेवटाचे काही एमबी 'डीडी'ने फाइलीत काढून ठेवा. तक्ता बसल्यावर 'झेडडीबी -एल' ने त्या मोठ्या पार्टिशनची लेबलं वाचा. चारही दिसली तर पूल एक्स्पोर्ट करून सहाही डिस्कसकट पुन्हा आणा.

बे_एके_बे

मला यातलं काय बी कळत नाय, पण मालिका बघण्यापेक्षा भारी चाललंय. शेंगाचटणी घेऊन बसलोय.

वायरमन

माल उतरतोय तोवर विजेचं बोलू, कारण मूळ आजार तिथे आहे. एसएमपीएस जळेपर्यंत व्होल्टेज वाढतं ते बहुतेक वेळा न्यूट्रल सैल झाल्याने. तीन फेजच्या लायनीत न्यूट्रल सुटला की एका फेजवर २३० ऐवजी ४०० च्या घरात जाऊ शकतं. साधा स्टॅबिलायझर त्याला पुरत नाही. ओव्हर-व्होल्टेजला तुटणारा कटआउट मीटरजवळ बसवा, स्वस्त मिळतो. यूपीएस घ्याल तो लाईट गेल्यावर उबुंटूला बंद व्हायचा निरोप देणारा, यूएसबी केबलवाला घ्या. आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा.

बे_एके_बे

प्यायचं पाणी चार-पाच दिवसांनी येतंय, अर्थिंगला कुठून घालू बे?

वायरमन

कूलरचं उरलेलं घाल.

फ्लॅशबल्ब

अपडेट देतो.

वाचण्यापुरता पूल उघडला. या सीझनची सगळी लग्नं दोन वेगळ्या डिस्कांवर उतरली. एक डिस्क घरी, एक सासुरवाडीला अक्कलकोटला पाठवली. मग तळघर यांनी सांगितलं तसं सीरियल नंबर मोठ्याने वाचत, बायकोला स्टिकर बघायला लावून, तक्ता बसवला. लेबलं चारही आली. पूल सहाही डिस्कसकट 'ऑनलाइन', रिसिल्व्हर काही नाही.

मग रात्रभर स्क्रब. माल पूर्ण सलामत. पण 'स्मार्टसीटीएल' मध्ये (डिस्कची प्रकृती दाखवतं ते) जुन्या तिघींपैकी एकीच्या १९७ क्रमांकाच्या रकान्यात 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे तुकडे) आलेत, आणि झेडएफएसने त्याच डिस्कवरची थोडी दुरुस्ती केल्याचं दाखवलं. दुसऱ्या एकीचा १९९ वाला आकडा मोठा आहे. तो कशाचा?

तळघर

१९९ म्हणजे सीआरसी, बोर्ड ते डिस्क या वाटेवरची चूक. केबल बदला. तो आकडा खाली येत नाही, वाढायचा थांबला की झालं. १९७ वाली मात्र खरी आजारी आहे. ती बदला, आता रिप्लेस करायला हरकत नाही. माल बाहेर आहे आणि पाच धडधाकट आहेत. नवी घेताना एसएमआर जातीची (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) घेऊ नका, रिसिल्व्हरला ती जीव काढते. डेटाशीटमध्ये सीएमआर लिहिलेलं बघून घ्या.

कंबरतलाव

पुण्याला जा म्हणणारा मीच पहिला होतो, नशीब गेला नाहीत. तरी एक सांगतो, डिस्कमधून टकटक आवाज आला असता तर हे सगळं सल्लामंडळ निरुपयोगी होतं. तेव्हा डबा बंद आणि थेट लॅब. इथे फिरतच नव्हती म्हणून निभावलं.

मृद्गंध

मान्य. टकटक ऐकू आली तर एकदाही जास्त चालू करायची नाही.

फ्लॅशबल्ब, तुमच्या धंद्यातलंच एक सांगते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जो नियम सगळे सांगतात तो पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केला. अक्कलकोटची डिस्क दर लग्नानंतर अदलाबदल करायची सोय लावा. रेडझेड-२ डिस्क गेली तर वाचवतं. चोरी, आग, चुकून दिलेला डिलीट यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

चाटीगल्ली

अक्कलकोटला दर आठवड्याला जायला कारण मिळालं की. स्वामींचं दर्शन, सासूबाईंच्या हातचं जेवण आणि बॅकअप.

फ्लॅशबल्ब

सासूबाईंनी ती डिस्क कपाटात साड्यांच्या खाली ठेवलीय. विचारलं तर म्हणाल्या, दागिने पण तिथेच आहेत.

दुकानदाराला फोन करून तिसऱ्या पिनेचं सांगितलं. आधी मानेना. मग म्हणाला, मागे एकाच्या अशाच दोन डिस्क 'डेड' म्हणून परत केल्या होत्या, त्यांना बोलावतो.

शून्य_बाइट

त्या दोघी अजून कुणाच्या ड्रॉवरमध्ये असतील तर बरं.

होटगीकर

नमस्कार, आजच सदस्य झालो. धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे दोन डिस्कची तयार पेटी आहे, दोन्ही डिस्क दिसतात, पण 'व्हॉल्यूम क्रॅश्ड' येतंय आणि 'रिपेअर' असं निळं बटण दिसतंय. दाबू का?

मृद्गंध

दाबू नका.

तळघर

दाबू नका. त्या पेट्यांत बहुतेक वेळा आत लिनक्सचं 'एमडी-एडीएम' असतं, प्रकरण वेगळं आहे. नवा धागा काढा. पेटीचं मॉडेल, मिरर आहे की जोडून एक केलंय, आणि याआधी काय काय दाबून झालंय ते खरं खरं लिहा.

होटगीकर

काढतो. दाबून झालेल्याची यादी मोठी आहे.

बे_एके_बे

चला, चटणी अजून उरलीय.